शिंपल्याच्या चुन्यातलं बरोक

नमस्कार, श्रोतेहो.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बासिलिकेचं चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असणार. कॅलेंडरवर, नाहीतर कुणाच्या सहलीच्या फोटोत. उघड्या जांभ्या दगडाची तांबूस भिंत, वर माथ्याशी कोरलेली येशूच्या नावाची अक्षरं, समोर हिरवळ. बघणाऱ्याला वाटतं, चारशे वर्षं ही इमारत अशीच लाल उभी आहे. पण बांधणाऱ्यांनी ती लाल बांधलीच नव्हती. १५९४ साली काम सुरू झालं, १६०५ साली चर्चचा अभिषेक झाला, आणि त्यानंतर साडेतीनशे वर्षांच्या आसपास ती भिंत चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्याखाली होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बाल्ताझार दा सिल्वा कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुरचनाकाराच्या देखरेखीखाली तो गिलावा खरवडून काढला गेला. दगड उघडा पडला की इमारत जास्त जुनी, जास्त भारदस्त दिसते, अशी तेव्हाची एक आवड होती. आज आपण ज्याला जुनेपणा समजून दाद देतो, तो जेमतेम सत्तर वर्षांचा आहे.

मी फोंड्याच्या बाजूला राहते. जांभा आमच्या पायाखाली आहे, आमच्या घरांच्या भिंतींत आहे, विहिरीच्या कठड्याला आहे. चिरेखाणीतून काढला तेव्हा तो मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. हवा लागली की घट्ट होतो. पण त्याच्या अंगात असंख्य भोकं. पावसाळ्यात तो पाणी पितो. जमिनीतून पितो, वरूनही पितो. प्यायलेलं पाणी बाहेर टाकायला त्याला वाट लागते.

ही वाट बंद केली की काय होतं, ते मी आमच्याच घरी पाहिलं आहे. पश्चिमेच्या भिंतीचा जुना चुन्याचा गिलावा जागोजागी फुगला होता. कोणीतरी सुचवलं, सगळं काढा आणि सिमेंट लावून टाका, पुढची पन्नास वर्षं बघायला नको. आम्ही ऐकलं. पहिल्या पावसाळ्यात भिंत छान दिसली. दुसऱ्या वर्षी आतल्या बाजूला ओल चढली. तिसऱ्या वर्षी श्रावणात भल्या पहाटे धप्पकन आवाज झाला आणि दाराएवढा पापुद्रा अंगणात येऊन पडला. आतला चिरा बघायला मी बोट लावलं, तर बोट आत गेलं. ओल्या भाकरीसारखा भुगा झाला होता दगडाचा. सिमेंटने ओल कोंडून धरली होती. चुना तसं करत नाही. तो दगडाला पावसापासून झाकतो आणि दगडातली ओल बाहेरही जाऊ देतो. झिजायचं तर आधी स्वतः झिजतो. म्हणून तर दर पावसाळ्यानंतर आमच्याकडे सफेदी काढायची पद्धत होती.

हे सगळं आज सांगायचं कारण, मला बरोक वास्तुकलेविषयी बोलायचं आहे. आणि गोव्यातलं बरोक समजून घ्यायचं तर आधी चुना समजून घ्यावा लागतो, असं माझं ठाम मत आहे.

बरोक ही युरोपातल्या सतराव्या शतकाची शैली. तिची सुरुवात रोममध्ये झाली. सरळ रेषेला वळण द्यायचं, खांबाला पीळ द्यायचा, भिंत पुढे-मागे घ्यायची म्हणजे उन्हाची सावली तिच्यावर खेळेल, सोन्याचा मुलामा भरपूर वापरायचा, आणि आत येणाऱ्या माणसाचा श्वास क्षणभर रोखला जाईल असं सगळं करायचं. युरोपात तेव्हा ख्रिस्ती धर्मात फूट पडली होती. कॅथलिक चर्चला माणसं भारावून टाकणारी वास्तू हवी होती. या शैलीचं नाव पोर्तुगीज भाषेतल्या वेड्यावाकड्या मोत्याच्या शब्दावरून आलं असं मानलं जातं. गोल नसलेला, कुठे फुगीर, कुठे दबलेला मोती. शिंपल्यातून आलेला. हे शिंपलं ध्यानात ठेवा.

रोममध्ये हा सगळा डौल संगमरवरात आणि चुनखडीच्या दगडात कोरता आला. गोव्यात ते कसं जमणार? जांभ्यात भिंत उभी राहते, बारीक नक्षी निघत नाही. छिन्नी लावली की कण सुटतात. बॉम जेझूसच्या दर्शनी भागावरचे खांब आणि कोरीव पट्टे नीट पाहा. ते जांभ्याचे नाहीत. काळा बसाल्ट आहे तो, आणि आणलेला आहे आपल्या वसईहून. गलबतांतून दगड भरून दक्षिणेला नेला. पण हे काही प्रत्येक गावच्या चर्चला परवडणारं नव्हतं. तिथे दुसरी वाट निघाली. भिंत जांभ्याची उभारायची, आणि तिच्यावरचा फुलोरा, महिरपी, वेली, शंखशिंपले, देवदूतांचे गुबगुबीत चेहरे, सगळं चुन्यात घडवायचं. म्हणजे गोव्याचं बरोक कितीतरी ठिकाणी अक्षरशः दोन बोटं जाडीच्या थरात राहतं. तो थर काढला की खाली उरते नुसती भिंत.

आणि हा चुना यायचा कुठून? शिंपल्यातून. खाडीतले शिंपले भट्टीत भाजायचे, त्यांचा कळीचा चुना पाण्यात विरवायचा, खड्ड्यात मुरवायचा, मग वाळू आणि गुळाचं पाणी घालून घाण्यात मळायचा. किती दिवस मुरवला त्यावर त्याचा लोण्यासारखा मऊपणा ठरायचा. ही विद्या पोर्तुगालच्या गलबतातून आलेली नव्हती. कोकणातले गवंडी आधीपासून हे करत होते. खिडक्यांनाही शिंपलेच. काचेऐवजी चपटे, अर्धपारदर्शक शिंपले लाकडी पट्ट्यांत ओळीने बसवायचे. जुन्या गोव्यात आणि दक्षिण गोव्याच्या साष्टीतल्या जुन्या घरांत त्या खिडक्या अजून आहेत. दुपारचं ऊन त्यांतून आत आलं की दुधाच्या रंगाचं होतं. शक्य झालं तर एकदा अशा खोलीत दहा मिनिटं नुसतं बसा.

चर्चच्या आत गेलं की लाकूड बोलायला लागतं. वेदीमागचा सोनेरी पडदा, पिळाचे खांब, द्राक्षांच्या वेली. हे कोरणारे हात पुष्कळसे स्थानिक सुतारांचे. १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती पूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घ्यायला मनाई केली होती. मनाई करावी लागली, यातच काय ते आलं. काही चर्चमध्ये प्रवचनपीठाला खालून तोलून धरणाऱ्या बायका आहेत, कमरेखाली नागिणीसारख्या वळत गेलेल्या. युरोपातल्या जलपरीचं चित्र इथल्या कारागिरापुढे ठेवलं असेल आणि त्याच्या हाताला आधीपासून ठाऊक असलेली नागीण त्यातून उतरली असेल, असं मला नेहमी वाटतं. सेंट फ्रान्सिस झेवियरची, म्हणजे आमच्याकडे सगळे ज्याला गोंयचो सायब म्हणतात त्याची, चांदीची पेटी १६३७ च्या सुमारास गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. तिच्या खालचा संगमरवरी चौथरा मात्र खास फ्लॉरेन्सचा. तिथला ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने तो पाठवला, शिल्पकार फोज्जिनीने केलेला, आणि १६९८ साली तो इथे बसवला. एकाच ठिकाणी दोन्ही बघायला मिळतात. मला विचाराल, तर मी पेटीपाशी जास्त वेळ थांबते.

आता एक अवघड गोष्ट. ही चर्चं उभी राहिली त्याच काळात, त्याच भूमीवर देवळं पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली रातोरात जुवारी नदी ओलांडून प्रियोळला न्यावा लागला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. म्हाळसा म्हार्दोळला आली. माझं सगळं बालपण या देवळांच्या अंगणात गेलं आहे, त्यामुळे बरोकचं कौतुक करताना हे विसरून बोलणं मला जमत नाही, आणि जमू नये असंही वाटतं.

पण याच देवळांपाशी गोष्ट एक वेगळं वळण घेते. कवळ्याचं शांतादुर्गेचं देऊळ घ्या. छत्रपती शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या प्रयत्नांतून ते १७३८ च्या सुमारास उभं राहिलं. कवळे ज्यात येतं तो फोंडा महाल तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता. तो त्यांच्या ताब्यात गेला १७६३ मध्ये. म्हणजे या देवळावर कुणाची सक्ती नव्हती. तरी आज तुम्ही अंगणात उभं राहून वर बघितलंत, तर गाभाऱ्यावर शिखराच्या जागी घुमट दिसतो, अष्टकोनी बैठकीवर ठेवलेला. खिडक्यांना अर्धगोल कमानी, भिंतीतून अर्धे बाहेर आलेले खांब, वर कठडे, आत झुंबरं. मंगेशीची सात मजली दीपमाळ बघा, मजल्यामजल्याला कमानी आणि रंगीत कडा. चर्चच्या घंटेच्या मनोऱ्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

का केलं असेल असं? माझ्या मनाला पटणारं उत्तर साधं आहे. गवंडी तेच होते, निदान त्याच घराण्यांतले आणि त्याच हाताचे. नदीच्या त्या तीरावर चर्चची दर्शनी भिंत करायची, या तीरावर देऊळ. चुना तोच, थापी तीच, वळण तेच. देव सांभाळून आणलेल्या लोकांनी घुमट परका मानला नाही. दीपमाळेला तर इथलंच काम दिलं, उत्सवाच्या रात्री पणत्या धरण्याचं. तांबडी सुर्ल्याचं कदंबकाळातलं काळ्या दगडाचं देऊळ आणि मंगेशीचं देऊळ एकाच गोव्याची आहेत, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला पटतच नाही. पण आहेत.

आपल्या महाराष्ट्रातही या शैलीचे अवशेष आहेत. वसईच्या किल्ल्यात शिरलात की छप्पर नसलेली चर्चं दिसतात. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि तिथल्या चर्चच्या घंटा घाटावर देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. भाविक आजही तिला हळदकुंकू वाहतात.

पुन्हा जुन्या गोव्याकडे येते. तिथे सेंट ऑगस्टिनचा मनोरा आहे. सेहेचाळीस मीटर उंच, आणि आता उभाही अर्धाच. सतराव्या शतकाच्या आरंभी इथलं चर्च पुरं झालं. १८३५ मध्ये साधूंना जावं लागलं, देखभाल थांबली, आणि सात वर्षांत, १८४२ साली, छताची कमान कोसळली. मनोऱ्याचा दर्शनी अर्धा भाग १९३१ साली पडला. तिथली मोठी घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये आहे, त्या नागमोडी पायऱ्यांच्या वरती. पणजीकरांना तिचा आवाज रोजचा आहे. जांभा निगेशिवाय किती दिवस टिकतो याचं यापेक्षा स्पष्ट उत्तर मला माहीत नाही. आणि निगा म्हणजे मुख्यतः छप्पर आणि चुना.

बॉम जेझूसला पुन्हा गिलावा करावा की नाही, यावर गेली काही वर्षं वाद चालला आहे. १९८६ पासून जुन्या गोव्याची चर्चं जागतिक वारसा यादीत आहेत. लाल भिंत ही जगभर त्यांची ओळख झाली आहे, ती बदलायची कशाला, असं अनेकांना मनापासून वाटतं. हे लोक गोव्यावर माझ्याइतकंच प्रेम करतात. त्यांच्या आजोबांनीही ती भिंत लालच पाहिली असेल. तरी माझं मत गिलाव्याच्या बाजूने आहे. मुंबईच्या शंभर इंचांपेक्षा जास्त पाऊस आमच्याकडे पडतो, आणि तो सगळा त्या उघड्या दगडात शिरतो. ऑगस्टमध्ये गेलात तर भिंतीच्या कडेने हात फिरवून बघा. तळव्याला तांबडी भुकटी लागेल. ती चर्चच आहे, थोडी थोडी तुमच्या हाताला लागून घरी येणारी.

गिलावा करायचा तर तो करणारे हात हवेत, आणि मला खरी काळजी त्यांची आहे. शिंपल्याच्या भट्ट्या थोड्याच उरल्या. चुना किती दिवस मुरवायचा, गूळ किती, पहिला हात किती ओला, हे अंगाने जाणणारे गवंडी म्हातारे होत चालले. आमची भिंत शेवटी अशाच एका गवंड्याने दुरुस्त केली. सत्तरी उलटलेली होती त्याची. सगळं सिमेंट काढायला लावलं, आणि नंतर दोन महिने भिंतीला काही केलं नाही. मी रोज विचारायची, काका, कधी सुरू करणार? ते भिंतीला गाल टेकवायचे, हाताने नव्हे, गालाने ओल बघायचे, आणि म्हणायचे, अजून नाही.

डिसेंबरात गोंयच्या सायबाच्या फेस्ताला जुन्या गोव्यात गर्दी होते, त्यात हिंदूही खूप असतात. आजी आम्हाला न्यायची. येताना खाजं घ्यायचं आणि मंगेशीला उतरून देवाला नमस्कार करायचा, हा तिचा नेम. तुम्ही जाल तेव्हा बॉम जेझूस बघून झाल्यावर गाडी तशीच तिसवाडीतल्या तळावलीला न्या, सांताना चर्चपाशी. १६८१ ते १६९५ या काळात बांधलेलं. गाव लहान, गर्दी नाही. उंच, पांढरी दर्शनी भिंत, दोन्ही बाजूंना मनोरे, आणि मधल्या कोनाड्यांभोवती चुन्यात केलेला सगळा फुलोरा. संध्याकाळी चारनंतर जा. तिरपं ऊन पडलं की एकेका पाकळीखाली सावली येते, आणि कुणा गवंड्याने थापीची कड कुठे वळवली, तेही दिसतं.

नमस्कार.