वाळूत कालवलेली बाजरी

(दृश्य : पिवळट, उघडं रान. दूरवर उंटांची रांग. फक्त वाऱ्याचा आवाज.)

सन १९८५. सुदानचं पश्चिम टोक, दारफुर. दुष्काळाचा अभ्यास करायला आलेला ऑक्सफर्डचा एक तरुण विद्यार्थी, ॲलेक्स डी वाल, एका तंबूत बसला आहे. समोर शेख हिलाल. उंट पाळणाऱ्या जलूल अरबांचा प्रमुख. वय झालेलं, दृष्टी जवळजवळ गेलेली. गोड चहा येतो. आणि शेख पाहुण्याला सांगतो, जग बुडायची वेळ आली आहे.

वाळवंटाची वाळू सुपीक टेकड्यांवर चढते आहे. पाऊस पडलाच, तर ओढ्याकाठची गाळाची जमीन चिरत जातो. आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या आमच्या तांड्यांना उतरू दिलं, तीच आता वाट अडवतात. चराईला नाही म्हणतात, विहिरीवर येऊ देत नाहीत.

शेखची ही शेवटची तक्रार लक्षात ठेवा. पाऊस आटला ही एक गोष्ट. गावानं विहीर बंद केली, ही दुसरी. डी वालची पुढची सगळी कारकीर्द या दोहोंच्या मधल्या जागेत गेली, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

(दृश्य : ओंजळीत धान्य, त्यात मिसळलेली वाळू.)

त्या दुष्काळात त्याला एका बाईची गोष्ट कळली. तिनं बाजरीचं बियाणं वाळूत कालवून ठेवलं होतं. का, तर घरातल्या भुकेल्या पोरांनी ते खाऊ नये म्हणून. पोटाला चिमटा काढून लोक पेरणीचं बी आणि दावणीची जनावरं वाचवत होते. बियाणं खाल्लं की पुढचं वर्षही गेलं, हे शेती पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. बाहेरून मदत घेऊन येणाऱ्यांना मात्र ते सांगावं लागलं.

मृत्यूंचा हिशेब त्यानं मांडला, तो एक लाखाच्या आसपास गेला. त्यातले बहुतेक बळी गोवर, हगवण आणि मलेरियाचे होते. माणसं एका जागी दाटली, पाणी नासलं, साथी पसरल्या. दुष्काळ म्हणजे फक्त धान्याची टंचाई, ही समजूत त्याच्यापुरती तिथेच संपली.

मग अठरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, बंडखोरांनी दारफुरमधल्या अल फाशर शहराच्या विमानतळावर हल्ला केला. राजधानी खार्तूममधल्या सरकारनं उत्तर म्हणून स्थानिक टोळ्यांच्या हाती बंदुका दिल्या. लोक त्यांना जंजावीद म्हणू लागले. त्यांच्या म्होरक्यांत एक नाव होतं मुसा हिलाल. त्या तंबूतल्या शेखचा मुलगा. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं त्याच्यावर निर्बंध घातले. ज्याच्या बापाकडे चहा घेतला, त्याचं नाव असं यादीत वाचायचं!

त्या सुमारास डी वाल नायजेरियातल्या अबुजा शहरात होता. आफ्रिकी महासंघाच्या वतीनं चाललेल्या वाटाघाटींत सल्लागार म्हणून. ५ मे २००६ ला करार झाला. बंडखोरांपैकी एकाच मोठ्या गटानं सही केली. लढाई चालूच राहिली.

(दृश्य : सुरक्षा परिषदेचं सभागृह.)

एप्रिल २००७ मध्ये सुरक्षा परिषदेत हवामान बदलावर पहिल्यांदाच चर्चा झाली. जूनमध्ये महासचिव बान की मून यांनी एका लेखात दारफुरच्या संघर्षाची सुरुवात पर्यावरणाच्या संकटातून, काही अंशी हवामान बदलातून झाल्याचं लिहिलं. ही मांडणी सोपी होती, मथळ्यात मावणारी होती. जगभर पोचली.

डी वालनं हरकत घेतली. हवामानाचा संबंधच नाही, असं त्याचं म्हणणं नव्हतं. शेखची गोष्ट तो विसरला नव्हता. त्याचा मुद्दा क्रमाचा होता. पाऊसमान बदललं की पोट भरायच्या रीती बदलतात, त्यातून भांडणं होतात. भांडण मिटवणारी माणसं गावोगाव असली की ते मिटतंही. पण १९७१ मध्ये खार्तूमनं टोळीप्रमुखांची जुनी व्यवस्थाच मोडीत काढली होती. ऐंशीच्या दशकात शेजारच्या चाडमधल्या युद्धातून बंदुका आल्या. उत्तरेच्या उंटपाळांपैकी बहुतेकांकडे हक्काची जमीन नव्हतीच. आणि शेवटी सरकारनंच एक बाजू घेतली.

पावसाच्या नोंदीही या बाजूनं बोलतात. दारफुरचा पाऊस सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला खाली आला तो आलाच. युद्धाच्या आधीच्या वर्षांत त्यात नवी घसरण दिसत नाही. मध्ये तीस वर्षं गेली. सगळा दोष आभाळावर टाकला, की या तीस वर्षांचा जाब कुणालाच विचारायला नको. माझ्या मते डी वालला खरी चीड याचीच असावी.

(दृश्य : तंबूंची दाट वस्ती, वरून घेतलेलं चित्र.)

एप्रिल २०२३ मध्ये सुदानात पुन्हा युद्ध पेटलं. एका बाजूला लष्कर, दुसऱ्या बाजूला जंजावीदांतूनच उभं राहिलेलं निमलष्करी दल. ऑगस्ट २०२४ मध्ये अल फाशरजवळच्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. शहराला वेढा होता, धान्याचे ट्रक आत पोचत नव्हते.

त्याच ऑगस्टमध्ये सुदानात धो धो पाऊस होता. पूर आले. दारफुरमध्येही रस्ते पाण्याखाली गेले.