घडकूज फुलोऱ्यातच रोखावी लागते

श्रोतेहो, नमस्कार.

वाइनच्या द्राक्षांची काढणी दोन आठवड्यांवर आलेली असताना घडाच्या पोटात राखाडी बुरशी दिसते आणि परवाच्या पावसाने घात केला, असे आपण म्हणून मोकळे होतो. पावसाचा दोष आहेच. परंतु बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी पुष्कळदा फुलोऱ्यातच घडात शिरलेली असते. गळालेल्या फुलांच्या टोप्या, सुकलेले पुंकेसर आणि न धरलेले बारीक मणी दांड्याभोवती अडकतात, ओल मिळताच त्यांच्यावर ती पोसते, आणि कोवळ्या मण्यात शिरलेला तिचा अंश मणी हिरवा व आंबट असेपर्यंत निपचित पडून राहतो. मण्यात पाणी उतरले, गोडी वाढली, साल नरम पडली, की तो जागा होतो. सुमारे 20 अंश सेल्सिअस तापमानात घड सलग 15 तास ओला राहिला, तर नव्या लागणीला तेवढे पुरते.

पिनो न्वार किंवा शेनिन ब्लांसारख्या गच्च घडाच्या वाणाचा एखादा घड हातात घ्या आणि मधला मणी ओढून काढा. शेजारच्या मण्यांनी दाबून त्याच्या बाजू चपट्या झालेल्या दिसतील, तिथला पांढरट मेणचट थर पुसला गेलेला असेल, आणि मणी निघताना तपकिरी टोप्यांचा चुरा तळहातावर पडेल. बुरशीला वाट मिळते ती याच चपट्या, पातळ सालीतून. कॅबरने सॉव्हिन्यॉंचा घड मोकळा आणि मण्याची साल जाड, म्हणून तो वाण या रोगाला सहसा कमी बळी पडतो.

तेव्हा घडाभोवती वारा खेळता ठेवणे हे खरे काम आहे. मणी धरल्यावर लगेच घडांच्या पट्ट्यातील पाने आणि बगलफुटी काढाव्यात, त्यातही सकाळचे ऊन येते त्या बाजूच्या आधी. म्हणजे दव लवकर सुकते आणि फवारा घडापर्यंत पोहोचतो. दुपारच्या उन्हाची बाजू मात्र सरसकट उघडी करू नये. सावलीत वाढलेले मणी उशिरा एकाएकी उघडे पडले तर करपतात, म्हणून ही विरळणी लांबणीवर टाकणे मला धोक्याचे वाटते. काही जण फुलोऱ्याआधीच बुडाची पाने काढतात. त्याने फुलांना अन्न कमी मिळते, मणी कमी धरतात आणि घड सुटसुटीत होतो. उत्पादन घटते, हे उघड आहे. गच्च घडाच्या वाणासाठी आणि ओलसर हवामानात ही घट सोसावी, मोकळ्या घडाच्या वाणासाठी तिची गरज नाही, असे माझे मत आहे.

नत्र आणि पाणी जास्त झाले तर वेल पानांनी दाटते, हे वेगळे सांगायला नको. भुरी या बुरशीजन्य रोगामुळे साल ताठर होऊन मणी तडकतात, पक्षी चोची मारतात, अळ्या छिद्रे पाडतात, आणि अशा जखमांतून कूज घडभर पसरते. जखमी घडाला व्हिनेगरसारखा वास येत असेल आणि भोवती चिलटे घोंघावत असतील, तर ती आंबट कूज समजावी. ती यीस्ट व अ‍ॅसेटिक आम्लाच्या जिवाणूंमुळे होते, आणि राखाडी बुरशीवरच्या औषधाने ती आटोक्यात येत नाही.

हीच राखाडी बुरशी फ्रान्समधील सोतेर्न आणि हंगेरीतील टोकाय येथे धुक्याच्या सकाळी व कोरड्या दुपारी पक्व मण्यांतील रस आटवते, आणि त्यापासून जगप्रसिद्ध गोड वाइन होतात. त्या भरवशावर आपण बसू नये. साध्या लाल वाइनमध्ये कुजक्या घडांतून आलेले लॅकेझ हे विकर रंग तपकिरी करते, आणि सल्फर डायऑक्साइडनेही ते सहज दबत नाही. म्हणून कुजके घड वेलीवरच वेगळे करावेत आणि तारांवर वाळलेले जुने घड छाटणीच्या वेळी बागेबाहेर न्यावेत.

दव पडलेल्या सकाळी उन्हे वर आली, की सर्वांत दाट वेलीत हात घालून पाहा. बाहेरची पाने वाळली असूनही घड ओला लागला, तर तिथली पाने काढायची राहिली आहेत.