उपासनेच्या वेळी रूपककथा

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली कोल्हापुरात मिशनचे काम सुरू केले. त्याच्या अकरा वर्षे आधीच इंग्रज उपदेशक जॉन बन्यनचे 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' हे ख्रिस्ती रूपककथेचे पुस्तक हरि केशवजींनी 'यात्रिक क्रमण' या नावाने मराठीत आणले होते. ते आपल्या घरच्या उपासनेत पुन्हा वाचले जावे, अशी माझी मनापासून विनंती आहे. रूपकातून परमार्थ सांगण्याची रीत आपल्याला नवी नाही. एकनाथांच्या भारुडातला विंचू कामक्रोधाचा आहे, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

परवानगीवाचून उपदेश करणे सोडणार नाही, असे म्हटल्यामुळे बन्यनने बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षे काढली. कोठडी कशी असते हे ठाऊक असलेल्या माणसानेच या कथेतला 'संशयाचा किल्ला' हा प्रसंग लिहावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. खडतर वाट सोडून शेजारच्या मऊ कुरणातून गेलेला यात्रिक आणि त्याचा सोबती निराशा नावाच्या राक्षसाच्या हाती सापडतात, आणि बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत अन्नपाण्यावाचून त्याच्या किल्ल्यातल्या अंधारकोठडीत पडून राहतात. शनिवारी मध्यरात्री ते प्रार्थनेला बसतात. पहाट व्हायला आली असताना यात्रिकाला एकाएकी आठवते की, अभिवचन नावाची किल्ली इतके दिवस आपल्या उराशीच होती. त्या किल्लीने कोठडीचे दार सहज उघडते. बाहेरच्या लोखंडी दरवाजाचे कुलूप मात्र फार जड जाते, तरी तेही अखेर उघडते. हा बारकावा बन्यनने गाळला नाही, म्हणूनच प्रार्थना कोरडी पडलेल्या दिवसांत या कथेवर विश्वास बसतो.

अशा वाचनात प्रत्येक पात्राचा अर्थ लावत बसण्याची घाई करू नये. आधी शास्त्रपाठ वाचावा, मग कथेतला एकच प्रसंग मोठ्याने वाचून थोडा वेळ शांत बसावे, आणि आज आपण त्या वाटेवर कोठे उभे आहोत, एवढेच प्रभूपुढे बोलावे. मधले लांबलचक धार्मिक संवाद मुलांना कंटाळवाणे वाटतात. ते खुशाल पुढे ढकलावेत. पण वधस्तंभापाशी पाठीवरचे ओझे सुटून गडगडत थडग्यात नाहीसे होते, तो प्रसंग मुलांकडूनच वाचून घ्यावा.