मुद्रितं पोचलीच नव्हती

(दृश्य: संपादकीय टेबल, तपासलेल्या पानांची चळत, बाजूला उघडा लॅपटॉप)

भाद्रपद संपत आला होता. दिवाळी अंकाची पानं लागत होती. एका ज्येष्ठ लेखिकेचा फोन आला. जरा अडखळतच त्यांनी विचारलं, "कथा आवडली नाही का? मोकळेपणाने सांगा, मला वाईट वाटणार नाही."

कथा आवडली होती. स्वीकृतीचं पत्र जाऊन तीन आठवडे झाले होते, मागोमाग मुद्रितंही (छपाईआधी लेखकाने तपासायची पानं) गेली होती. दोन्ही त्यांच्या जीमेलच्या स्पॅममध्ये पडून होती. तीन आठवडे बाई नकार आला असं समजून गप्प बसल्या होत्या. ते मला फार लागलं.

आमचा मेल अंकाच्या डोमेनवरून (संकेतस्थळाच्या नावाच्या पत्त्यावरून), होस्टिंगबरोबर मिळालेल्या वेबमेलमधून जातो. आधी आम्ही मजकुरालाच दोष दिला. विषयातून 'मानधन' शब्द काढला, सहीखालची लिंक काढली. फरक शून्य. आपल्या खात्यावरून दुसराच कुणी मेल पाठवत नाही ना, म्हणून 'पाठवलेले' तपासले, पासवर्ड बदलला. तिथेही काही नव्हतं.

मग स्वतःच्याच जीमेलवर एक चाचणी मेल पाठवला आणि मेलच्या मूळ नोंदी दाखवणारं 'शो ओरिजिनल' उघडलं.

(दृश्य: मेलच्या शीर्षभागाच्या ओळी, अगदी जवळून)

ही ओळ बघा. एसपीएफ: पर्मएरर. म्हणजे मेल खरंच आमच्याकडून आला का, ते तपासायची नोंद आहे, पण वाचताच येत नाही. डीकेआयएमचा, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीचा, तर पत्ताच नाही.

ई-मेलची ने-आण एसएमटीपीच्या नियमांवर चालते. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ते लिहिले, तेव्हा पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोय त्यात नव्हती. पोस्टकार्डावर कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसंच. ती सोय पुढे जोडली गेली. या डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरांनी आणायचा, ते एसपीएफ सांगतं. डीकेआयएम प्रत्येक मेलवर डिजिटल सही करतं. आणि 'प्रेषक' म्हणून दिसणाऱ्या पत्त्यातलं डोमेन या दोन्हींपैकी एकाशीही जुळलं नाही तर काय करायचं, ते डीमार्कमध्ये लिहिलेलं असतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम असावंच लागतं. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात.

आमच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, एसपीएफच्या दोन नोंदी निघाल्या. एक होस्टिंगची, दुसरी वर्गणीदारांना पत्रक पाठवायची सेवा घेतली तेव्हा कुणीतरी घातलेली. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन असल्या की दोन्ही निकामी. दोन्ही सर्व्हर एकाच ओळीत लिहिले, जास्तीची ओळ पुसली.

डीकेआयएमने मात्र दोन दिवस खाल्ले. सही तपासायची किल्ली २०४८ बिटांची, म्हणजे अक्षरं चारशेच्या आसपास. डीएनएसमधल्या टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीच्या एका तुकड्यात मावतात २५५. आम्ही चिकटवलेली किल्ली निम्म्यातच तुटली होती, आणि पॅनेल मात्र 'सेव्ह झालं' म्हणत होतं. शेवटी किल्लीचे दोन तुकडे करून, दोन्ही अवतरणचिन्हांत घालून नोंदवले, तेव्हा ती पूर्ण बसली. अशी चूक डोळ्यांना दिसत नाही. नोंद परत उघडून शेवटची अक्षरं ताडून बघावीच लागतात.

एक गोष्ट आमच्या हातात नव्हती. स्वस्त होस्टिंगवर एकाच आयपी पत्त्यावरून कितीतरी संकेतस्थळांचे मेल जातात. त्यातल्या एकाने कचरा पाठवला, तरी तो पत्ता काळ्या यादीत जाऊ शकतो. आमचा पत्ता, अशा याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेच्या यादीत नव्हता. असता, तर तो यादीतून काढून घ्या किंवा दुसरा पत्ता द्या, असं होस्टिंगवाल्यांनाच सांगावं लागलं असतं.

नोंदी बदलल्यावर चार तास थांबलो. पुन्हा चाचणी मेल. एसपीएफ पास, डीकेआयएम पास. डीमार्क सध्या नुसतं अहवाल मागवण्यापुरतं ठेवलं.

(दृश्य: फोन)

त्याच रात्री बाईंना मुद्रितं पुन्हा पाठवली. आधीची पत्रं स्पॅममधून बाहेर कशी काढायची, 'नॉट स्पॅम' कुठे दाबायचं, ते त्यांच्या नातवाला फोनवर सांगितलं. सकाळी साडेसातला बाईंचा फोन.

"मिळाली हो. तिसऱ्या पानावर एक वेलांटी दीर्घ हवी. लिहून घेताय ना?"