बारावीला टक्के कमी पडले? ऑस्ट्रेलियातला डिप्लोमाचा मार्ग

नमस्कार, श्रोतेहो. बारावीचा निकाल लागतो, टक्के अपेक्षेपेक्षा बरेच खाली येतात आणि परदेशातल्या विद्यापीठाचं उत्तर येतं: पदवीला थेट प्रवेश नाही. पण त्याच पत्रात बऱ्याचदा आणखी एक ओळ असते. आमच्या कॉलेजात आधी डिप्लोमा करा, तो पूर्ण झाला की पदवीच्या दुसऱ्या वर्षाला या. ही सोय खरी आहे, चांगली आहे आणि तिच्यातून पदवीपर्यंत पोचणारी मुलं पुष्कळ आहेत. पण सोय कुठे पक्की असते आणि कुठे नुसती छापील असते, हे ऑफर लेटर बारकाईने वाचल्याशिवाय कळत नाही. आज त्याबद्दल बोलू, आणि मुख्यतः ऑस्ट्रेलियाबद्दल, कारण तिथे हा मार्ग चांगला रुळलेला आहे.

पर्थमध्ये १९९४ साली एडिथ कोवान विद्यापीठाशी जोडलेलं एक कॉलेज निघालं आणि त्यातूनच पुढे विद्यापीठांसाठी अशी कॉलेजं चालवणारी नॅव्हिटास ही कंपनी वाढली. आज मेलबर्नचं डीकिन कॉलेज, पर्थचं कर्टिन कॉलेज आणि क्वीन्सलँडमधलं ग्रिफिथ कॉलेज याच घडणीची आहेत. मोनॅश कॉलेज आणि सिडनीचं यूटीएस कॉलेज ही त्या त्या विद्यापीठांच्याच मालकीची. मालकी कोणाचीही असो, कामाची रीत साधारण एकच. पदवीच्या पहिल्या वर्षाचे आठ विषय हे कॉलेज शिकवतं. वर्ग लहान असतात, शिक्षकांशी प्रत्यक्ष काम जास्त होतं, मदतीचे तास वेगळे असतात. आठही विषय सुटले की डिप्लोमा हातात येतो आणि विद्यापीठ त्या आठ विषयांचं क्रेडिट देतं, म्हणजे ते विषय पदवीत झालेले धरतं.

इथे फाउंडेशन आणि डिप्लोमा यांची गल्लत फार होते. फाउंडेशन म्हणजे बारावीच्या बरोबरीचा कोर्स. तो करून तुम्ही पदवीच्या पहिल्या वर्षात जाता. डिप्लोमा हा पहिल्या वर्षाच्या बरोबरीचा, म्हणून तो करून दुसऱ्या वर्षात जाता. बारावी पास आहे, फक्त टक्के कमी आहेत, अशा मुलासाठी डिप्लोमा. बारावीचा पायाच कच्चा असेल, किंवा हव्या त्या शाखेला लागणारं गणित बारावीला घेतलेलंच नसेल, तर फाउंडेशन. मोनॅश कॉलेजच्या डिप्लोमाला दोन भाग आहेत. पहिला भाग तयारीचा, दुसरा पहिल्या वर्षाच्या बरोबरीचा. म्हणजे मोनॅशची ऑफर आली तर आधी बघा, तुम्हाला कुठल्या भागात बसवलंय. दोन्ही भाग करायचे असतील तर वेळ वाचण्याचं गणित बदलतं.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. ऑस्ट्रेलियात डिप्लोमा या एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाला समांतर असा उच्च शिक्षणातला डिप्लोमा, ज्यावर टेक्सा या संस्थेची देखरेख असते. दुसरा व्यवसाय शिक्षणातला डिप्लोमा, ज्याच्यावर आस्क्वा ही दुसरी संस्था लक्ष ठेवते. राष्ट्रीय पात्रतांच्या दहा पायऱ्यांमध्ये दोन्ही पाचव्याच पायरीवर बसतात, पदवी सातव्या पायरीवर. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पण व्यवसाय शिक्षणातला डिप्लोमा मुळात नोकरीच्या कौशल्यांसाठी आखलेला असतो, आणि त्याचं किती क्रेडिट द्यायचं हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. कुठे पूर्ण वर्ष मिळतं, कुठे दोन-तीन विषय, कुठे काहीच नाही. ओळखायचं कसं? व्यवसाय शिक्षणातल्या डिप्लोमाला बीएसबी ५०१२० असा तीन अक्षरं आणि पाच आकडे असलेला राष्ट्रीय कोड असतो. तो ऑफर लेटरमध्ये दिसला की थांबायचं. शिवाय परदेशी विद्यार्थ्यांना शिकवायची परवानगी असलेला प्रत्येक कोर्स क्रायकॉस या सरकारी नोंदवहीत असतो. ती इंटरनेटवर कुणालाही बघता येते आणि कोर्स कुठल्या क्षेत्रातला आहे हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. एजंट काय सांगतो ते नंतर ऐका, आधी ही नोंद काढा. एजंटला कमिशन कॉलेजकडून मिळतं, ही गोष्ट घरातल्या मोठ्यांनी लक्षात ठेवायला हवी.

व्यवसाय शिक्षणातला डिप्लोमा वाईट असतो असं मात्र नाही. हाताने काम शिकायची आवड असलेल्या मुलाला तो उत्तम. विद्यापीठाकडे जायचा रस्ता म्हणून तो घेताय, तर क्रेडिटचा आकडा लेखी हवा, एवढंच.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, ते पाहा. तीन वर्षांच्या पदवीत साधारण चोवीस विषय असतात, दर सेमिस्टरला चार. डिप्लोमातले आठ वजा केले की सोळा उरतात. चार सेमिस्टर, बरोबर दोन वर्षं. आता समजा विद्यापीठाने आठऐवजी सहाच विषय धरले. उरले अठरा. चार सेमिस्टरमध्ये सोळा होतात आणि राहिलेल्या दोन विषयांसाठी पाचवं सेमिस्टर भरावं लागतं. फी दोनच विषयांची लागेल, पण राहण्या-जेवणाचा खर्च पूर्ण सहा महिन्यांचा, आणि व्हिसाची मुदत कमी पडली तर तो पुन्हा काढायचा. व्हिसाच्या अर्जाची फी १ जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. क्रेडिट कमी धरलं जातं ते बहुधा डिप्लोमा एका शाखेचा आणि पदवी दुसऱ्या शाखेची निवडल्यामुळे. कॉमर्सचा डिप्लोमा करून आयटीच्या पदवीला गेलात तर दुसरं वर्ष मिळेलच असं नाही.

म्हणून ऑफर लेटरमध्ये चार गोष्टी नावानिशी हव्यात: कुठली पदवी, किती विषयांचं क्रेडिट, किती सरासरी लागेल आणि त्या सरासरीला जागा नक्की आहे की नुसता विचार होईल. शेवटचा मुद्दा नीट ऐका. कॉमर्ससारख्या शाखांत बऱ्याच ठिकाणी सगळे विषय पास झाले की पुरतं. पासाची रेघ तिकडे साधारण पन्नासवर असते. इंजिनिअरिंग, नर्सिंग अशा शाखांत साठ किंवा त्याहून वरची सरासरी मागतात, आणि नर्सिंगमध्ये जागा मोजक्याच असल्याने सरासरी असूनही थांबावं लागू शकतं. एकेका विषयात आणखी एक छुपी अट असते. वर्षभराच्या असाइनमेंटचे गुण धरून पन्नास होत असले तरी शेवटच्या लेखी परीक्षेत स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं. ही अट विषयाच्या माहितीपत्रकात पहिल्याच आठवड्यात छापलेली असते. ते पत्रक मुलं वाचत नाहीत, आणि एकूण त्रेपन्न गुण असून निकाल नापास कसा लागला, हे शेवटी विचारत बसतात.

अभ्यास बहुतेक कॉलेजांत चार-चार महिन्यांच्या सत्रांत चालतो. आठ विषय दोन सत्रांत संपवले तर आठ महिने लागतात, तीन सत्रांत तीन, तीन आणि दोन असे वाटून घेतले तर एक वर्ष. आठ महिन्यांचा कोर्स झटपट वाटतो, पैसेही वाचतील असं वाटतं. पण ज्याचे बारावीचे टक्के कमी आहेत त्याने शक्य असेल तिथे वर्षभराचाच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण हा मार्ग बहुधा पहिल्याच सत्रात मोडतो.

इंजिनिअरिंगचं उदाहरण घेऊ. पहिल्या सत्रात गणित एक, भौतिकशास्त्र, प्रोग्रॅमिंग आणि लेखन-संवादाचा एखादा विषय. दुसऱ्या सत्रातलं गणित दोन घ्यायचं तर गणित एक पास असायलाच हवं. ते राहिलं की दुसऱ्या सत्रात गणित दोन मिळत नाही, त्यावर उभे असलेले विषयही अडतात आणि डिप्लोमा एक सत्र पुढे सरकतो. विद्यापीठात दुसऱ्या वर्षाचे विषय ठरावीक क्रमाने लागतात आणि मुख्य सेमिस्टर फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये नि मग जुलैच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे चार महिन्यांचा उशीर पदवीच्या दारात सहा महिन्यांचा किंवा वर्षाचाही होऊ शकतो. शिवाय राहिलेल्या विषयाची फी पुन्हा पूर्ण भरावी लागते. एटीकेटीसारखं तो विषय मागे टाकून पुढे जाता येत नाही. डिप्लोमा पूर्ण झाल्याशिवाय दुसरं वर्ष नाही.

यावर उपाय घरून निघण्याआधीच करायचा. बारावीचं कलन, म्हणजे अवकलन आणि समाकलन, सदिश आणि त्रिकोणमिती दोन महिने रोज हाताखालून घाला. कॉलेजात पोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली छोटी चाचणी होते. तिच्यात गुण कमी पडले तर त्याच आठवड्यात मदतीच्या तासाला नाव द्या. सत्र जेमतेम बारा-तेरा आठवड्यांचं असतं, सहाव्या आठवड्यानंतर भरून काढणं फार जड जातं. नोकरीचंही तसंच. विद्यार्थी व्हिसावर अभ्यास चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करायची मुभा आहे, पण पहिल्या सत्रात ती पूर्ण वापरणारा मुलगा रात्रपाळी करून सकाळच्या तासाला झोपलेला असतो. पहिल्या सत्राचा खर्च घरून निघेल अशी तजवीज आधीच असावी.

लिखाणातही एक फटका बसतो. दुसऱ्याच्या लेखातलं वाक्य संदर्भ न देता उतरवलं की ते सॉफ्टवेअरला लगेच सापडतं, आणि पाठांतराच्या सवयीमुळे प्रामाणिक मुलंही यात अडकतात. संदर्भ द्यायची पद्धत पहिल्या आठवड्यातच शिकवली जाते. तो तास चुकवू नका.

आता कागदपत्रं. डिप्लोमा आणि पदवी या दोन्हींची एकत्र ऑफर मिळते. तिला पॅकेज म्हणतात. दोन्ही कोर्सेसची प्रवेश-निश्चितीची पत्रं वेगवेगळी निघतात आणि दोन्हींसाठी मिळून सबक्लास ५०० हा एकच विद्यार्थी व्हिसा लागतो. २३ मार्च २०२४ पासून या व्हिसासाठी तुम्ही खरोखर शिकायला येताय हे पटवून द्यावं लागतं. हाच कोर्स का, पुढे त्याचा काय उपयोग, हे प्रश्न नेमके विचारले जातात. बारावीचे टक्के कमी का, याचं उत्तर लपवू नका. सरळ लिहा आणि डिप्लोमा त्यावर कसा इलाज आहे ते सांगा. राहण्याच्या एका वर्षाच्या खर्चासाठी २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात, ही रक्कम १० मे २०२४ पासूनची. फी आणि प्रवासखर्च त्यावर वेगळा. इंग्रजीची अट मात्र तीन ठिकाणी तपासा: व्हिसाची, डिप्लोमाची आणि पुढच्या पदवीची. तिन्ही एकच असतील असं धरून चालू नका. आणि नर्सिंग करणाऱ्यांना पदवीनंतर नोंदणी मंडळाची इंग्रजीची अट वेगळी पार करावी लागते.

पैसे भरतानाही नियम तुमच्या बाजूने आहेत. कोर्स पंचवीस आठवड्यांपेक्षा मोठा असेल तर तो सुरू होण्याआधी निम्म्याहून जास्त शिकवणी फी कॉलेज सक्तीने मागू शकत नाही. शिकायला सुरुवात करण्याआधीच व्हिसा नाकारला गेला, तर भरलेल्या रकमेतून पाच टक्के किंवा ५०० डॉलर, यांतली जी कमी असेल ती रक्कम ठेवून बाकी परत करावी लागते. कॉलेजच बंद पडलं तर फी संरक्षणाची सरकारी योजना आहे.

इतर देशांबद्दल थोडक्यात. ब्रिटनमध्ये याच जागी इंटरनॅशनल इयर वन असतं, आणि वेगळा मार्ग म्हणून दोन वर्षांचा हायर नॅशनल डिप्लोमा करून पदवीच्या शेवटच्या वर्षाला जाता येतं. कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या आवारातलं फ्रेझर इंटरनॅशनल कॉलेज याच धर्तीवर चालतं. तिथेही प्रश्न तेच विचारायचे: किती क्रेडिट, कुठल्या पदवीत, किती सरासरीला.

काही कॉलेजांचे डिप्लोमा ऑस्ट्रेलियाबाहेरही शिकवले जातात. मायदेशात पहिलं वर्ष करून खर्च नक्कीच वाचतो. पण शिक्षणानंतरच्या कामाच्या व्हिसासाठी ऑस्ट्रेलियात किमान ९२ आठवड्यांचं आणि १६ महिन्यांचं शिक्षण लागतं. राहिलेली दोन वर्षं ही अट जेमतेम भरतात. त्यात आणखी एखाद्या सेमिस्टरचं क्रेडिट घेतलं तर अट हुकते.

तिकडे पोचल्यावर कॉलेज बदलावंसं वाटलं तर? मुख्य कोर्सचे सहा महिने पूर्ण होईपर्यंत, आधीच्या संस्थेने सोडल्याशिवाय दुसरी संस्था घेऊ शकत नाही, आणि पॅकेजमध्ये मुख्य कोर्स म्हणजे पदवी. म्हणजे डिप्लोमाचा सगळा काळ आणि वर पदवीचे सहा महिने तुम्ही बांधलेले असता. पदवी सोडून नुसत्या स्वस्त डिप्लोमात नाव घालायचा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका. व्हिसाची ८२०२ क्रमांकाची अट आहे, की ज्या पायरीच्या कोर्ससाठी व्हिसा मिळाला त्याच्या खालच्या पायरीवर उतरायचं नाही. तसं करायचं तर आधी नवा व्हिसा.

विषय बरेच राहिले तर कॉलेज आधी बोलावतं, अभ्यासाचा आराखडा करून देतं. तरीही प्रगती नसेल तर सरकारला कळवणार असल्याची लेखी नोटीस येते. ती आल्यापासून कामाच्या २० दिवसांत कॉलेजकडेच अपील करता येतं. ईमेल रोज बघा, कारण नोटीस तिथेच येते. आजारपण किंवा घरातला मृत्यू असं कारण असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र, तारखांची कागदपत्रं आणि त्या काळात चुकलेल्या परीक्षांची यादी अपिलासोबत जोडा, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत वर्गात जाणं थांबवू नका.