घोड्याचं ब्राँझ : १४९४ साली इटलीत काय घडलं

मंडळी, विषय मोठा आहे, म्हणून सुरुवात एका घोड्यापासून करतो.

मिलान शहर, १४९३ चा नोव्हेंबर. एका शाही लग्नाच्या निमित्ताने मातीचा एक प्रचंड घोडा लोकांना बघायला ठेवला होता. उंची सात मीटरच्या आसपास, म्हणजे दुमजली घराएवढी. करणारा लिओनार्दो दा विंची. मिलानचा कारभार तेव्हा लुदोविको स्फोर्झाच्या हातात होता आणि त्याला आपल्या वडिलांचं अश्वारूढ स्मारक उभं करायचं होतं. वर्षानुवर्षं त्यावर काम चाललं होतं. सुमारे ७० टन ब्राँझ त्यासाठी लागणार होतं. साचे करायचे आणि ओतायचं, एवढंच उरलं होतं.

वर्षभरात ते ब्राँझ फेर्राराला गेलं, लुदोविकोच्या सासऱ्याकडे, तोफा ओतायला. कारण फ्रान्सचा राजा सैन्य घेऊन आल्प्स उतरला होता. लिओनार्दोच्या एका पत्राचा फाटका खर्डा उरला आहे. त्यात तो लुदोविकोला म्हणतो, घोड्याबद्दल मी काही बोलत नाही, दिवस कसले आहेत ते मला ठाऊक आहे.

आपण प्रबोधनकाळ शिकतो तो चित्रांचा, शिल्पांचा, ग्रंथांचा. युरोपातल्या बलाढ्य राजसत्तांचा धडा त्याच्यानंतर वेगळा येतो. या घोड्याच्या ब्राँझमध्ये ते दोन्ही धडे एकत्र आहेत, म्हणून मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

इटली तेव्हा देश नव्हता. मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स, पोपचं राज्य आणि नेपल्स असे पाच मोठे आणि कितीतरी छोटे. १४५४ च्या लोदीच्या तहानंतर त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं एकमेकांना तोलून धरलं. लढाया झाल्या, पण कुणी कुणाला गिळलं नाही. हे जमवायला त्यांनी जी साधनं घडवली ती विलक्षण आहेत. दुसऱ्याच्या दरबारात कायम राहून रोजची खबर लिहून पाठवणारा वकील ही प्रथा त्यांनी रुळवली. आपल्या पेशवे दप्तरातली वकिलांची पत्रं ज्यांनी वाचली आहेत, त्यांना तो माणूस लगेच ओळखीचा वाटेल.

आणि पैसा. फ्लोरेन्सने आपल्याच नागरिकांकडून कर्ज घेऊन युद्धं लढवली. त्या कर्जाचे रोखे बाजारात विकले जात. १४२५ साली तिथे हुंड्याचा फंड निघाला. मुलगी लहान असताना बापाने सरकारात पैसे ठेवायचे आणि लग्नाच्या वेळी ते व्याजासह परत घ्यायचे. मुलींच्या हुंड्यावर शहराच्या लढाया चालत होत्या! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. जमा आणि नावे अशी दुहेरी नोंद ठेवण्याची पद्धतही याच शहरांतली. ती मांडून सांगणारा लुका पाचोलीचा ग्रंथ व्हेनिसमध्ये छापून निघाला १४९४ च्या नोव्हेंबरात. फ्रान्सचा राजा फ्लोरेन्समध्ये शिरला तोही त्याच महिन्यात.

आता आल्प्सच्या पलीकडे. इंग्लंडशी शंभर वर्षं झगडून फ्रान्स मोडकळीला आला होता. त्या काळात मोकाट सैनिकांच्या टोळ्या गावं लुटत. १४३९ साली सातवा शार्ल याने जाहीर केलं की सैन्य बाळगायचा हक्क फक्त राजाचा. १४४५ पासून त्याने कायमच्या घोडदळाच्या तुकड्या उभ्या केल्या. युद्ध असो वा नसो, पगार चालू. तो भागवायला 'ताय' नावाचा कर होता. युद्धापुरता म्हणून घेतलेला हा कर पुढे उठलाच नाही. सरदारांना तो माफ, त्यामुळे त्यांनी फार आरडाओरडा केला नाही. सगळा बोजा शेतकऱ्याच्या पाठीवर. मुलगा अकरावा लुई याने तोच कर तिपटीच्या आसपास नेला.

राजा बलाढ्य झाला म्हणतात तो इथे. तोफ कुणीही ओतू शकतो, फेर्राराने ओतल्याच की. पण तोफखाना बाळगणं वेगळं. ओतारी, गोलंदाज, घोडे, दारू, गोळे यांचा खर्च दर वर्षी न चुकता येतो. तो दर वर्षी न चुकता भागवणारी यंत्रणा फ्रान्सच्या राजाकडे होती.

आठवा शार्ल आला तेव्हा तो २४ वर्षांचा होता. नेपल्सच्या गादीवर वारसाहक्काने आपला दावा आहे असं तो म्हणत होता. आणि त्याला या म्हणणारा होता तोच, घोड्याचा मालक लुदोविको! त्याने पुतण्याला बाजूला सारून मिलान बळकावलं होतं. पुतण्याची बायको नेपल्सच्या राजाची नात. त्या आजोबांच्या भीतीने लुदोविकोने घराची कडी परक्याला आतून काढून दिली.

सैन्य पंचवीस हजारांच्या घरातलं. सोबत ब्राँझच्या तोफा, चाकांच्या गाड्यांवर, घोडे जुंपलेल्या. दगडी गोळ्यांऐवजी लोखंडी. जुन्या उंच, सरळ तटांना त्या गोळ्यांपुढे काही तासांचंच आयुष्य उरलं. पण लढाया फारशा झाल्याच नाहीत. फ्लोरेन्सचा राजकीय लेखक निकोलो मॅकियाव्हेली याने पुढे लिहिलं की शार्लने इटली खडूने जिंकली. पुढे गेलेले शिपाई ज्या घरात सैनिक उतरवायचे त्या दारावर खडूने खूण करत. तेवढ्यावर काम झालं.

फ्लोरेन्सचा कारभार तेव्हा मेदिची या पेढीवाल्या घराण्याच्या हातात होता. त्यातल्या पिएरो दे मेदिचीने घाबरून सीमेवरचे किल्ले देऊन टाकले आणि ९ नोव्हेंबरला चिडलेल्या लोकांनी त्याला हाकलून दिलं. शार्ल शहरात आला, पैसे मागू लागला, नाहीतर तुताऱ्या फुंकतो म्हणाला. पिएरो काप्पोनी नावाच्या नागरिकाने त्याच्यासमोर अटींचा कागद फाडला आणि म्हणाला, तुम्ही तुताऱ्या फुंका, आम्ही आमच्या घंटा वाजवू. घंटा वाजली की गल्लीगल्लीतून माणसं हत्यारं घेऊन बाहेर पडत, हे शार्लला माहीत होतं. तो नरमला. १ लाख २० हजार फ्लोरिनवर, म्हणजे सोन्याच्या नाण्यांवर, तडजोड झाली.

ही गोष्ट इटलीत आजही अभिमानाने सांगतात, आणि सांगावी अशीच आहे. पण ९ नोव्हेंबरलाच आणखी एक गोष्ट घडली. पिसा शहर फ्लोरेन्सविरुद्ध उठलं. १४०६ पासून ते फ्लोरेन्सच्या ताब्यात होतं. तिथल्या लोकांनी फ्रेंच राजाचं स्वागत केलं ते मुक्तिदाता म्हणून! फ्लोरेन्सचं स्वातंत्र्य पिसापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. पिसाचा माणूस फ्लोरेन्सला कर देई, पण फ्लोरेन्सच्या सभेत त्याला जागा नव्हती. मेदिची गेल्यावर जी मोठी लोकसभा नेमली गेली, तिथे बसायचा हक्क तीन हजारांच्या आसपास पुरुषांना होता. त्या काळाच्या मानाने हे खूपच. पण ते सगळे त्याच एका शहरातले.

माझं म्हणणं असं की शहरं हरली ती इथे. तोफा नंतर आल्या. राजांची राज्यं म्हणजे गोधडी होती, हे लक्षात घ्या. शार्लने १४९१ साली ब्रिटनी या शेजारच्या राज्याच्या वारसदार ॲनशी लग्न केलं आणि ब्रिटनी फ्रान्सला शिवली जाऊ लागली, पण तिची सभा आणि तिचे रिवाज टिकले. १४६९ साली इसाबेला आणि फेर्नांदोचं लग्न झालं, तरी स्पेनमधल्या त्यांच्या दोन राज्यांचे, कास्तील आणि आरागोनचे, कायदे वेगळेच राहिले. नवा तुकडा जोडायला राजाला जुना उसवावा लागत नसे. तिथल्या सरदाराला मानाची जागा आणि कायदेपंडिताला हुद्दा दिला की काम भागे. प्रजाजन होणं सोपं होतं, कारण त्यात वाटा मागायचा नव्हता. नागरिक होणं म्हणजे वाटा मागणं, आणि तो द्यायला कुठलंच शहर तयार नव्हतं. व्हेनिसही नाही.

शार्ल १४९५ च्या फेब्रुवारीत नेपल्सला पोचला. तोवर मागे सगळे त्याच्याविरुद्ध एक झाले, त्यात लुदोविकोसुद्धा. जुलैत फोर्नोव्होला लढाई देऊन शार्ल निसटला. जिंकलेलं सगळं गेलं. टिकलं ते एकच, त्याने फ्रान्समधल्या आंबुआझला नेलेले इटालियन कारागीर, स्थपती आणि बागवान. १४९८ साली त्याच आंबुआझच्या वाड्यात दाराच्या चौकटीवर डोकं आपटून तो गेला. पुढच्याच वर्षी फ्रान्सचा नवा राजा बारावा लुई याच्या फौजा मिलानमध्ये शिरल्या आणि तिरंदाजांनी मातीच्या घोड्यावर नेमबाजी केली. घोडा संपला. लिओनार्दो मात्र १५१६ साली लुईनंतरचा राजा पहिला फ्राँस्वा याच्या बोलावण्यावरून आंबुआझला राहायला गेला आणि १५१९ च्या मे महिन्यात तिथेच वारला.

शहरांची विद्या राजांकडे अशी गेली. कायमचा वकील गेला, कारागीर गेले, हिशेबाची वही गेली. आउग्सबुर्गचा सावकार याकोब फुगर तरुणपणी व्हेनिसमध्ये व्यापार शिकला होता. १५१९ साली स्पेनचा राजा पाचवा चार्ल्स पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट म्हणून निवडून आला तेव्हा मतदार राजपुत्रांना वाटलेल्या साडेआठ लाख फ्लोरिनपैकी साडेपाच लाखांच्या आसपास फुगरचे होते. चार वर्षांनी फुगरने सम्राटाला पत्र लिहून स्पष्ट सांगितलं की माझ्याशिवाय हा मुकुट आपल्याला मिळाला नसता, आता पैसे फेडा.

हे सगळं डोळ्यांसमोर घडताना मॅकियाव्हेलीने पाहिलं. लोक त्याला कपटनीतीचा गुरू समजतात. मला त्यात एक व्याकूळ सरकारी नोकर दिसतो. १५०० साली वकिलातीवर फ्रान्सला गेला असताना तिथला कार्डिनल त्याला म्हणाला, इटालियनांना युद्ध कळत नाही. हा उत्तरला, फ्रेंचांना राज्यकारण कळत नाही. परत येऊन भाडोत्री सैन्याऐवजी आपल्याच मुलखातल्या शेतकऱ्यांची फौज उभी करायला त्याने जिवाचं रान केलं. १५१२ साली फ्लोरेन्सजवळच्या प्रातोला ती फौज स्पॅनिश सैन्यासमोर मोडली, शहराची भीषण लूट झाली आणि मेदिची परत आले. याची नोकरी गेली. पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून हात मागे बांधून त्याला दोराने टांगलं. सुटल्यावर गावाकडच्या घरात रात्री दरबारी कपडे चढवून तो प्राचीन लेखकांचे ग्रंथ वाचत बसे. तिथेच त्याने राजावरचं आपलं छोटं पुस्तक लिहिलं.

१५२७ साली सम्राटाच्या पगार थकलेल्या सैन्याने रोम लुटलं. त्या गोंधळात फ्लोरेन्सने पुन्हा मेदिचींना हाकललं. मग १५२९ ते १५३० असा दहा महिने सम्राटाच्या फौजेचा वेढा. तटबंदीचं काम पाहणाऱ्यांत मायकेलअँजेलो होता. उपासमार आणि रोगराई यांनी शहर झुकलं. १५३२ साली मेदिची फ्लोरेन्सचे ड्यूक झाले, १५६९ साली टस्कनीचे ग्रँड ड्यूक. पेढीवाल्यांचं घराणं राजघराणं झालं आणि त्यांची एक मुलगी, कॅथरीन, फ्रान्सची राणी.

या घराण्याचं देणं आपल्यापासून फार लांब नाही. जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये सेंट झेवियरची चांदीची पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याने पाठवला. फोज्जिनी नावाच्या फ्लोरेन्सच्या शिल्पकाराने तो घडवला आणि १६९८ साली तो तिथे बसला. सगळे वर चांदीकडे बघतात. पुढच्या वेळी गेलात तर खाली चारी बाजूंना ब्राँझचे पट आहेत, त्यांच्यापाशी थोडा वेळ थांबा. ते ब्राँझ फ्लोरेन्सचं आहे.