हजाराची नोट

नमस्कार मंडळी. मी इथली सून, माहेर चिपळूणचं. लग्न होऊन १९९८ साली मॉरिशसला आले. तेव्हा बाजारात नव्याकोऱ्या नोटा आल्या होत्या. त्यावरची देवनागरी बघून मी हरखले. शेजारच्या तमिळ काकू मात्र धुमसत होत्या. जुन्या नोटेवर इंग्रजीखाली आधी तमिळ, मग हिंदी. नव्या नोटेवर हिंदी वर चढली होती. ‘आम्ही फ्रेंचांच्या काळात आलो, तुम्ही नंतर,’ असं त्यांनी मला ऐकवलं. मी तर महिन्यापूर्वीच आले होते! तमिळ समाजाने एवढा आवाज उठवला की अख्ख्या नोटा मागे घेऊन क्रम पूर्ववत करावा लागला.

मला तेव्हा हसू आलं होतं. ते फार दिवस टिकलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत काया हा क्रिओल, म्हणजे आफ्रिकी गुलामांच्या वंशातल्या समाजाचा, गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट पेटलं. सासूबाई खिडक्या लावत म्हणाल्या, ‘हे आम्ही अडुसष्टला पाहिलंय.’ जानेवारी १९६८ मध्ये राजधानी पोर्ट लुईत क्रिओल आणि मुस्लिम टोळ्या भिडल्या होत्या, ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले होते. त्यातच १२ मार्चला स्वतंत्र मॉरिशसचा झेंडा चढला. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्यांना पडली होती. त्यांचे पुढारी गाएतां द्युवाल. आज हजाराच्या नोटेवर चेहरा कोणाचा? त्यांचाच. दोन हजाराच्या नोटेवर स्वातंत्र्यवाद्यांचे पुढारी रामगुलाम, दोनशेच्या नोटेवर मुस्लिम पुढारी रझाक मोहम्मद, पंचवीसच्या नोटेवर चिनी समाजाचे आ-चुएन. भांडलेली माणसं एकाच पाकिटात गुमान बसतात, हे मला फार आवडतं.

पण एक टोचणी आहे, आणि ती आपल्याच माणसांत बोलायची. आपल्या कार्यक्रमांत ‘पूर्वजांनी कष्ट केले, म्हणून आपण वर आलो’ हे वाक्य हमखास येतं. कष्ट केलेच. पण मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये, गिरमिटिया मजुरांच्या दप्तरात, मी सासऱ्यांच्या पणजोबांची नोंद पाहिली: क्रमांक, जहाज, बापाचं नाव, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. त्या पणजोबांचं पाळण्यातलं नाव हेच आज आमचं आडनाव. आपला झाकरी नाच टिकला, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी मिळाली, शाळेत मराठी आली, कारण कुठून आलो ते आपल्याला ठाऊक होतं. मोझांबिक-मादागास्करहून आणलेल्या गुलामांची नावं मालकांनी बदलली, भाषा गेली, गाव तर विचारूच नका. १८३५ मध्ये ते सुटले, तेव्हा नुकसानभरपाई मालकांना मिळाली. नोटेचा क्रम बदलून घ्यायला मागे एक संघटित समाज उभा असावा लागतो. कायाच्या वस्तीमागे तसं कोण होतं?

२ नोव्हेंबरला आपण आप्रवासी घाटावर, जिथे गिरमिटिया मजूर बोटीतून उतरत तिथे, जातो, त्या १६ पायऱ्यांवर फुलं वाहतो. १ फेब्रुवारीलाही सुट्टी असते, गुलामगिरी संपली त्या दिवसाची. त्या दिवशी आपलं मंडळ बहुतेक समुद्रावर पिकनिकला असतं, मीही असते. यंदा ल मोर्नच्या डोंगरापाशी जाऊ या. पळून आलेले गुलाम तिथे लपत. मी बस ठरवलीय, पंचवीस जागा आहेत. नावं माझ्याकडे चहाच्या टेबलापाशी द्या. डबा आपापला आणायचा.